ताप, पुरळ, मानेला गाठ... हा एचआयव्ही असेल का? उत्तर शरीर देत नाही, तारीख देते

एकदा असुरक्षित संबंध आला. दोन-तीन आठवडे गेले. मग एक दिवस अंगात कणकण आली, घसा धरला, आरशात पाहताना मानेला बारीकशी गाठ लागली. त्या रात्री मोबाईलवर एकच शोध सुरू होतो: एचआयव्हीची लक्षणं किती दिवसांत दिसतात?

समोर यादी येते. ताप, घसादुखी, पुरळ, रात्री घाम, तोंड येणं, जुलाब, थकवा. यातलं निम्मं तरी आपल्याला आहे असं वाटायला लागतं. सकाळपर्यंत खात्री झालेली असते.

ही धास्ती इतकी सर्रास आढळते की वैद्यकीय लेखनात तिला १९८० च्या दशकापासून 'एड्सफोबिया' असं नावही आहे. तिच्यापायी माणसं झोप गमावतात, कामावर जात नाहीत, लग्न पुढे ढकलतात, दहा-दहा वेळा रक्त तपासून घेतात. आणि ज्यांना खरोखर तपासणीची गरज असते, त्यातले अनेक जण याच भीतीपोटी दवाखान्याची पायरी चढत नाहीत.

मग लक्षणांवरून खरंच काही कळतं का? तपासणी कधी करायची? कुठे करायची? आणि रिपोर्ट निगेटिव्ह येऊनही भीती का जात नाही? समजून घेऊ.

मोर्शीसारख्या गावात हा प्रश्न अवघड का होतो?

अमरावती जिल्ह्यातलं मोर्शी हे संत्र्याच्या पट्ट्यातलं तालुक्याचं गाव. एका बाजूला अप्पर वर्धा धरण, दुसरीकडे वरूड आणि पुढे मध्य प्रदेशची हद्द. बहार तुटला की ट्रक भरून माल बाहेरच्या राज्यांत जातो. पोरं शिकायला किंवा कामाला अमरावती, नागपूर, पुण्याला असतात.

माणसं बाहेर जातात, पण गाव मात्र एकमेकांना ओळखणारं राहतं. मेडिकलवाला ओळखीचा, लॅबमधला मुलगा शाळेतला मित्र, दवाखान्याच्या रांगेत शेजारची काकू. मोठ्या शहरात 'रिपोर्ट काय येईल' ही भीती असते. इथे तिच्याआधी दुसरी भीती येते: 'तिथं कुणी पाह्यलं तं?'

त्यामुळे डॉक्टरांऐवजी मोबाईलला विचारलं जातं. मोबाईल लक्षणं सांगतो, पण तुम्हाला तपासू शकत नाही. आणि रात्री दोन वाजता लक्षणांची यादी वाचणारा माणूस ती शांत डोक्याने वाचत नसतो.

लक्षणं पाहून एचआयव्ही ओळखता येतो का?

नाही. कुठल्याही डॉक्टरला केवळ लक्षणांवरून एचआयव्ही आहे किंवा नाही हे सांगता येत नाही.

एचआयव्हीचा संसर्ग झाल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत काही जणांना फ्लूसारखा आजार होतो. ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, लसिका ग्रंथी सुजणं (म्हणजे काखेत, जांघेत 'अवधाण' येणं), सांधे आणि स्नायू दुखणं, रात्री घाम. काही दिवस ते काही आठवड्यांत हे आपोआप ओसरतं. अनेकांना मात्र काहीच जाणवत नाही किंवा साधा ताप म्हणून ते निघून जातं.

अडचण अशी आहे की यातलं एकही लक्षण फक्त एचआयव्हीचं नाही.

वऱ्हाडात पावसाळ्यानंतर डेंग्यू, चिकुनगुनिया येतात. २०१८ मध्ये विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली होती. या सगळ्यांत ताप असतो, अंगदुखी असते, पुरळही येऊ शकते. उन्हाळ्यात घामोळं आणि नायटा घरोघरी असतात. खर्रा खाणाऱ्याच्या तोंडात जळजळ, फोड आणि पांढरे चट्टे येतात. (असे चट्टे दोन-तीन आठवड्यांत गेले नाहीत तर तोंडाच्या कर्करोगाच्या दृष्टीने दाखवून घ्यायलाच हवेत.)

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. 'मला काहीच होत नाही, मी ठणठणीत आहे' म्हणजे एचआयव्ही नाही, असंही नाही. पहिला टप्पा ओसरल्यावर अनेक वर्षं कुठलंही लक्षण नसू शकतं.

म्हणजे लक्षणं असली तरी काही सिद्ध होत नाही, आणि नसली तरीही नाही. गाठ चाचपून, जीभ आरशात पाहून उत्तर मिळणार नाही.

मग अंगात जाणवतं ते सगळं मनाचे खेळ का?

तसंही म्हणता येणार नाही. त्रास खरा असतो, फक्त त्याचं कारण वेगळं असू शकतं.

सतत भीतीत राहिलं की शरीर सावध अवस्थेत राहतं. छातीत धडधड होते, हातापायाला घाम येतो, तोंड कोरडं पडतं, पोट बिघडून जुलाब होतात, झोप उडते. जेवण जात नाही आणि वजन उतरतं. आता ही यादी आणि एचआयव्हीच्या लक्षणांची यादी शेजारी ठेवून पाहा. घाम, जुलाब, थकवा, वजन कमी होणं: दोन्हीकडे तेच आहे.

लक्ष जिथे जातं तिथे जाणवतंही जास्त. मानेत, जांघेत बारीक ग्रंथी निरोगी माणसालाही हाताला लागतात. एरवी कुणी त्या शोधत नाही. दिवसातून वीस वेळा दाबून पाहिलं तर त्या दुखायला लागतात, आणि दुखल्या की शंका पक्की होते.

भीती, लक्षण, शोध आणि पुन्हा भीती असं हे चक्र फिरत राहतं. त्यात अपराधीपणाची भर पडते. 'मी चूक केली, आता शिक्षा मिळणारच' असा हिशेब मन आधीच मांडून बसलेलं असतं. विषाणूला असला हिशेब कळत नाही. लग्नाच्या नात्यातूनही संसर्ग होतो, आणि लग्नाबाहेरच्या संबंधातून बहुतेक वेळा होतही नाही.

धोका नेमका किती असतो?

जोडीदाराला एचआयव्ही आहे, त्याचे उपचार सुरू नाहीत आणि कंडोम वापरलेला नाही, असं धरलं तरी एका वेळच्या संबंधातून संसर्ग होण्याची शक्यता किती? अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेचे अंदाज असे आहेत:

- योनीसंभोगात पुरुषाला: १० हजारांत सुमारे ४
- योनीसंभोगात स्त्रीला: १० हजारांत सुमारे ८
- गुदसंभोगात करणाऱ्याला: १० हजारांत सुमारे ११
- गुदसंभोगात स्वीकारणाऱ्याला: १० हजारांत सुमारे १३८
- इंजेक्शनची सुई सामायिक वापरल्यास: १० हजारांत सुमारे ६३

मुखमैथुनात धोका अतिशय कमी असतो. चुंबन, मिठी, लाळ, एका ताटात जेवणं, डास, सार्वजनिक संडास यांतून एचआयव्ही पसरत नाही. कंडोम नीट वापरला असेल, तो फाटला किंवा निसटला नसेल, तर धोका खूपच खाली येतो.

हे आकडे समोरच्याला एचआयव्ही आहे असं गृहीत धरून आहेत. नॅको म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२३ च्या अंदाजानुसार भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.२ टक्के, म्हणजे हजारात दोघं असं आहे.

पण हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. पहिली, हे प्रमाण सगळ्या गटांत सारखं नाही. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, समलैंगिक पुरुष, तृतीयपंथी आणि सुईने नशा करणाऱ्यांमध्ये ते सरासरीपेक्षा जास्त आहे. दुसरी, शरीरावर जखम असेल किंवा दुसरा गुप्तरोग असेल तर धोका वाढतो. कमी धोका म्हणजे शून्य धोका नव्हे. म्हणून तपासणी करायची, पण घाबरून मरणाची तयारी करायची गरज नाही.

पहिले ७२ तास: ही माहिती सगळ्यात आधी हवी

लक्षणं शोधण्याच्या नादात हातातून निसटते ती हीच गोष्ट.

संबंध येऊन ७२ तास झाले नसतील आणि धोका खरा असेल, तर संसर्ग रोखण्यासाठी औषधं घेता येतात. याला पीईपी म्हणतात. एचआयव्हीच्याच उपचारात वापरली जाणारी ही औषधं २८ दिवस रोज घ्यावी लागतात. जितक्या लवकर सुरुवात, तितकं चांगलं. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग होत नाही.

सरकारी व्यवस्थेत ही सोय प्रामुख्याने सुई टोचलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आणि लैंगिक अत्याचार झालेल्यांसाठी मांडलेली आहे. इतरांनीही वेळ न घालवता एआरटी केंद्रातल्या किंवा माहितगार डॉक्टरला विचारावं. मोर्शीकरांसाठी असं केंद्र अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या 'इर्विन'मध्ये आहे. मोर्शी ते अमरावती हे अंतर ५५ किलोमीटरच्या आसपास आहे. ७२ तासांत ते कुणालाही कापता येतं, फक्त तीन दिवस गूगल करण्यात जायला नकोत.

कुणाच्या सांगण्यावरून मेडिकलमधून गोळ्या आणून स्वतःच सुरू करू नयेत. मूत्रपिंडाचा त्रास, कावीळ बी, दुसरी औषधं या गोष्टी डॉक्टरला पाहाव्या लागतात.

गर्भधारणेची शक्यता असेल तर आपत्कालीन गर्भनिरोधक गोळीचा निर्णयही याच काळात घ्यायचा असतो.

विंडो पिरियड म्हणजे काय?

२०२१ चा फेब्रुवारी अमरावतीकर विसरलेले नाहीत. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत राज्यात आधी इथेच लॉकडाऊन लागला. त्या दिवसांत एक गोष्ट सगळेच शिकले: पॉझिटिव्ह माणसाला आज भेटलो आणि उद्या तपासणी केली, तर निगेटिव्ह रिपोर्टला अर्थ नसतो. विषाणू शरीरात वाढायला आणि चाचणीत दिसायला वेळ लागतो.

एचआयव्हीतही हेच आहे, फक्त हा वेळ जास्त आहे. संसर्ग झाल्यापासून चाचणीत तो दिसेपर्यंतचा काळ म्हणजे विंडो पिरियड. तो चाचणीनुसार बदलतो:

- अँटिबॉडी शोधणारी चाचणी (सरकारी केंद्रांतली रॅपिड चाचणी बहुधा याच प्रकारची): २३ ते ९० दिवस
- चौथ्या पिढीची प्रयोगशाळेतली चाचणी (अँटिजेन आणि अँटिबॉडी दोन्ही शोधणारी, हातातून रक्त घेऊन): १८ ते ४५ दिवस
- एनएटी किंवा पीसीआर (थेट विषाणू शोधणारी): १० ते ३३ दिवस. ही महाग असते आणि प्रत्येकाला तिची गरज नसते.

याचा सोपा अर्थ असा. संबंधानंतर आठवड्याभराने केलेली चाचणी त्या संबंधाबद्दल काहीच सांगत नाही. सहा आठवड्यांनी निगेटिव्ह आली तर मोठा दिलासा. चौथ्या पिढीच्या चाचणीला ४५ दिवस, रॅपिड चाचणीला ९० दिवस झाले आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला, मध्ये पुन्हा धोका घेतला नाही, तर त्या संबंधापुरता विषय संपला.

पीईपी घेतली असेल तर हे दिवस गोळ्या संपल्यापासून मोजायचे असतात. तेव्हा तारखा डॉक्टरकडूनच ठरवून घ्याव्यात.

म्हणून घरच्या कॅलेंडरवर किंवा मोबाईलमध्ये तीन तारखा टाकून ठेवायच्या: संबंधाची, ४५ व्या दिवसाची आणि ९० व्या दिवसाची. मधल्या दिवसांत अंगात काय जाणवतं यावरून उत्तर बदलत नाही. या काळात कंडोमशिवाय संबंध ठेवायचा नाही आणि रक्तदान करायचं नाही.

तपासणीला गेल्यावर काय होतं? कुणाला कळतं?

एचआयव्हीची मोफत तपासणी आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात होते. महाराष्ट्रात जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर ही केंद्रं चालतात. मोर्शीत उपजिल्हा रुग्णालय आहे. पण आपल्याच गावात तपासलं पाहिजे असा नियम नाही. ओळखीचं कुणी भेटेल अशी भीती वाटत असेल तर वरूड, अमरावती, नागपूर, कुठल्याही केंद्रात जाता येतं.

तिथे आधी समुपदेशकाशी बोलणं होतं. तो किंवा ती चारित्र्याचा दाखला मागत नाही. 'कधी झालं? कंडोम होता का?' असे प्रश्न असतात, कारण तपासणीची योग्य वेळ त्यावरून ठरते. मग रक्त घेतात. रिपोर्ट बहुतेकदा त्याच दिवशी मिळतो आणि तो समजावून सांगितला जातो.

पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे लगेच शिक्का बसत नाही. लक्षणं नसलेल्या माणसाला एचआयव्ही आहे असं सांगण्याआधी वेगवेगळ्या तीन किटवर खात्री केली जाते. खासगी लॅबच्या एका कार्डावर उमटलेल्या पुसट रेषेवरून कोसळून जाऊ नये, ते यासाठीच.

कायदाही पाठीशी आहे. 'एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७' हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय एचआयव्ही तपासणी करता येत नाही, आणि कुणाचं एचआयव्हीचं निदान त्याच्या संमतीशिवाय उघड करण्यावर बंधनं आहेत. नोकरी, शिक्षण, उपचार, घरभाडं यांत एचआयव्हीवरून भेदभाव करण्यास मनाई आहे.

जाण्याआधी नुसतं बोलायचं असेल तर नॅकोची १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

एचआयव्ही नाही, पण दुसरं काही असेल तर?

एचआयव्हीच्या भीतीत एक गोष्ट हमखास दुर्लक्षित राहते. असुरक्षित संबंधातून होणारे दुसरे आजार जास्त सहज पसरतात, आणि त्यांची लक्षणं मात्र दाखवून घेण्यासारखी असतात.

लघवी करताना जळजळ किंवा लिंगातून, योनीतून स्राव: गनोरिया किंवा क्लॅमिडिया असू शकतो. गुप्तांगावर न दुखणारी जखम: सिफिलिस असू शकतो. दुखणारे बारीक फोड: हर्पीस असू शकतो. हर्पीस सोडला तर यातले बाकीचे आजार योग्य प्रतिजैविकांनी पूर्ण बरे होतात, आणि हर्पीसही औषधांनी आटोक्यात राहतो. कावीळ बी वर लस आहे.

यासाठी सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतात. तिथे तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. जोडीदाराचेही उपचार सोबत करावे लागतात, नाहीतर आजार फिरून परत येतो.

याउलट एसटी स्टँडच्या भिंतीवर 'गुप्तरोग, एड्सवर शर्तिया इलाज' असं लिहिलेलं दिसलं तर तिथून लांब राहावं. १९५४ च्या जादूटोणा उपचार व आक्षेपार्ह जाहिरातीविषयक केंद्रीय कायद्याने गुप्तरोगांवरच्या औषधांच्या जाहिरातींना बंदी आहे. औषध नियमांच्या 'शेड्युल जे' मध्ये, जे आजार बरे करण्याचा दावा कुठलंही औषध करू शकत नाही अशांची यादी आहे. त्यात एड्सचं नाव आहे.

रक्तदान करून गुपचूप तपासायचं? हे करू नका

'रक्तदान केलं की ते लोक एचआयव्ही तपासतातच, काही निघालं तर कळवतील' असा एक शॉर्टकट काहींना सुचतो. तो दुसऱ्या कुणाच्या जिवावर बेतू शकतो.

दान केलेलं रक्त एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया यांसाठी तपासलं जातं हे खरं. पण रक्तदाता विंडो पिरियडमध्ये असेल तर संसर्ग असूनही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते आणि ते रक्त रुग्णाला चढवलं जातं. रक्तातून होणाऱ्या संसर्गाचं प्रमाण संबंधातल्यासारखं दहा हजारांत चार-आठ नसतं. संसर्ग असलेलं रक्त चढवलं तर दहापैकी नऊ जणांना एचआयव्ही होतो.

विदर्भाने याची झळ पाहिली आहे. मे २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचं समोर आलं, आणि त्यातल्या एकाचा मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या. राज्याच्या आरोग्य विभागाने चौकशी लावली. या मुलांना जगण्यासाठी वारंवार रक्त घ्यावं लागतं.

रक्तदानाआधीच्या फॉर्मवर असुरक्षित संबंधाबद्दल प्रश्न असतो, तो यासाठीच. तिथे खरं लिहिणं किंवा शिबिरातून मागे फिरणं, एवढं तरी प्रत्येकाला करता येतं.

एवढी भीती आली कुठून?

भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ मध्ये चेन्नईत आढळले. तेव्हा औषध नव्हतं, आणि एड्स म्हणजे मरण हाच संदेश घरोघरी पोहोचला. कवटीची चित्रं, 'एकच चूक' अशी भाषा, आणि आजार म्हणजे वाईट चालीची शिक्षा ही समजूत.

१९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसूझा या तरुणाला पोलिसांनी उचलून नेलं. तो नियमित रक्तदान करायचा आणि त्याच्या रक्तात एचआयव्ही आढळला होता. तेव्हाच्या गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार घेऊन त्याला ६४ दिवस एकट्याला डांबून ठेवलं गेलं. त्याच्या आईला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे धाव घ्यावी लागली. पुढे त्याने एचआयव्हीग्रस्तांसाठी संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये त्याचं निधन झालं. 'माय ब्रदर निखिल' हा २००५ चा सिनेमा त्याच्या आयुष्यावर बेतलेला आहे.

१९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला एका खटल्यात सांगावं लागलं की, माणूस कामाला सक्षम असेल तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून त्याची नोकरी नाकारता येणार नाही.

त्या काळातली भीती आईवडिलांकडून मुलांकडे आली. औषधोपचार बदलले, ही बातमी मात्र तितक्या वेगाने आली नाही.

समजा, पॉझिटिव्ह आला तर?

१ एप्रिल २००४ पासून सरकार एचआयव्हीची औषधं मोफत देतं. मुंबईचं जे. जे. रुग्णालय सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक होतं. २०१७ पासून धोरण असं आहे की निदान झालं की लगेच उपचार, प्रतिकारशक्ती ढासळण्याची वाट पाहायची नाही. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. ती वेळेत सुरू केली आणि चुकवली नाही तर आयुष्य इतरांइतकंच होऊ शकतं.

आणखी महत्त्वाचं म्हणजे, औषधांमुळे रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका कमी झाला की संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्टनर-२ या युरोपातल्या अभ्यासात ७८२ समलैंगिक जोडपी होती. प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्ही होता आणि उपचाराने तो दबलेला होता. कंडोमशिवायच्या सुमारे ७६ हजार संबंधांत जोडीदाराकडून झालेला संसर्ग एकही सापडला नाही.

निगेटिव्ह आला तरी भीती जात नसेल तर?

९० दिवस उलटले. रिपोर्ट निगेटिव्ह. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा शंका: किट खराब असेल तर? नमुना बदलला असेल तर? मला वेगळ्या प्रकारचा विषाणू असेल तर?

इथे आणखी एक चाचणी उपयोगाची नाही. चाचणीने मिळणारा दिलासा दरवेळी आधीपेक्षा कमी टिकतो. आता तपासायचं आहे ते रक्त नाही, चिंता आहे.

मानसोपचारात यावर चांगले उपाय आहेत. विचार आणि वागणं बदलण्याची थेरपी, म्हणजे सीबीटी, अशा चिंतेवर परिणामकारक ठरते. गरज पडली तर औषधंही दिली जातात. घरच्या घरी सुरुवात म्हणून काही गोष्टी करता येतात:

- लक्षणं शोधणं पूर्ण थांबवा. एआय चॅटबॉटला तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं हाही शोधच आहे.
- गाठ दाबून पाहणं, जीभ पाहणं, वजन करणं दिवसागणिक कमी करत आणा.
- 'मला काही झालं नाही ना?' असं मित्राला रोज विचारू नका. एकदा विश्वासाने सांगा, तेवढं पुरे.
- ताप किंवा दुसरा त्रास असेल तर त्याचा त्याच्यापुरता उपचार घ्या.

झोप, जेवण, काम यांवर परिणाम होत असेल तर 'टेली मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. ही सेवा चोवीस तास आहे. जीव नकोसा वाटत असेल तर थांबू नका, लगेच फोन करा आणि जवळच्या एका माणसाला सोबत बसवून घ्या. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते.

गप्प राहिल्याची किंमत कोण मोजतं?

भारतात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि त्यांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे. त्यातल्या प्रत्येकाला आपलं निदान माहीत आहे असं नाही.

सरकारी धोरणानुसार गरोदरपणात प्रत्येक बाईची एचआयव्ही तपासणी होते. बाळाला संसर्ग होऊ नये म्हणून ती हवीच. पण यातून एक उलटी गोष्ट घडते. नवऱ्याने भीतीपोटी, लाजेपोटी वर्षानुवर्षं तपासणी टाळलेली असते, आणि घरातलं पहिलं निदान बायकोचं होतं. मग 'आजार हिनेच आणला' हा ठपकाही तिच्यावरच येतो.

तीन महिने वाट पाहून एकदा नीट तपासून घेणं म्हणूनच केवळ स्वतःच्या झोपेसाठी नसतं. निगेटिव्ह आला तर विषय मिटतो. पॉझिटिव्ह आला तर गोळी सुरू होते आणि घरातला दुसरा माणूस वाचतो. दोन्हीकडे पुढचा रस्ता दिसतो. तो दिसत नाही फक्त एकाच ठिकाणी, रात्री दोन वाजता लक्षणांची यादी वाचत बसल्यावर.